घास अडकतो, पोट रिकामं होत नाही: अन्ननलिका आणि जठराच्या हालचालीचे आजार, तपासण्या आणि संशोधन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या पानावर कोणत्या आजारांची माहिती आहे?

अन्ननलिका आणि जठराचे स्नायू किंवा त्यांना चालवणाऱ्या नसा बिघडल्या की होणाऱ्या आजारांची. अकॅलेशिया (अन्ननलिकेच्या तळाची झडप न उघडणं), अन्ननलिकेची अवेळी किंवा अति जोराची आकुंचनं, दुबळी अन्ननलिका, आणि गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे वाटेत कसलाही अडथळा नसताना जठर उशिरा रिकामं होणं. अल्सर, कर्करोग, पित्ताशयातले खडे यांची चर्चा इथे नाही. पण ते नाहीत याची आधी खात्री झाली नसेल, तर खालच्या कुठल्याच तपासणीला अर्थ उरत नाही.

वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत, तरी जळजळ जात नाही आणि घास छातीत अडकतो. डोस वाढवून बघावा का?

नको. आम्ल कमी करणारी गोळी सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, रोज, आठ आठवडे घेऊनही फरक नसेल, तर पुढची पायरी तपासणीची आहे. अकॅलेशियात अन्ननलिकेच्या तळाची झडप घास आल्यावर उघडत नाही. अन्न वरच साचतं, आंबतं आणि जळजळतं. रुग्णाला ही जळजळ आम्लपित्तासारखीच वाटते, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही तसंच वाटतं. म्हणून हे रुग्ण कित्येक वर्षं चुकीच्या गोळ्या खात राहतात.

काही खुणा मात्र बोलक्या असतात. पाणी आणि भात दोन्ही पहिल्यापासूनच अडकतात. वर आलेलं अन्न पचलेलं नसतं, खाल्लं तसंच्या तसं असतं. रात्री खोकला उठतो, उशी ओली होते. दर दोन घासांनी उभं राहून पाणी पिऊन घास ‘ढकलावा’ लागतो. याउलट आधी फक्त पोळी, पाव, मटण असं घट्ट अडकू लागलं आणि काही आठवड्यांत पातळही जाईना, तर डॉक्टरांना आधी गाठीची शंका येते. मग दुर्बिणीच्या तपासणीला उशीर करू नका.

एंडोस्कोपी नॉर्मल आली. मग आणखी तपासणी कशाला?

एंडोस्कोपीत आतलं अस्तर दिसतं, दाब दिसत नाही. सुरुवातीच्या अकॅलेशियात ती अगदी नॉर्मल येऊ शकते. तरी ती आधी करावीच लागते, आणि नीट करावी लागते. घास अडकण्याची तक्रार असेल तर अस्तर चांगलं दिसत असलं तरी अन्ननलिकेच्या दोन पातळ्यांवरून मिळून निदान सहा तुकडे बायोप्सीसाठी घ्यायला हवेत. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमुळे होणारी सूज डोळ्यांना चुकवते. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा जास्त पेशी मिळाल्या तर त्या आजाराचा विचार होतो. हे तुकडे न घेताच ‘नॉर्मल’ लिहिलेला रिपोर्ट अपुरा समजावा.

वय साठीच्या आसपास, त्रास काही महिन्यांचाच आणि वजन झपाट्याने उतरलेलं, असं असेल तर जठराच्या वरच्या तोंडाशी असलेली गाठसुद्धा हुबेहूब अकॅलेशियासारखी वागते. अशा वेळी सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीही करतात.

मॅनोमेट्रीत, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजण्याच्या तपासणीत, नेमकं काय करतात? भूल देतात का?

भूल देत नाहीत. भुलीच्या औषधाने स्नायूंची हालचालच बदलते, मग मोजायचं काय?

आधी किमान सहा तास उपाशी राहायचं. अकॅलेशियाची शंका असेल तर आदले एक-दोन दिवस फक्त पातळ घ्यायला सांगतात, नाहीतर नळी साचलेल्या अन्नातच फिरत राहते. जठराला चालना देणारी मेटोक्लोप्रामाइड आणि डोम्पेरिडोन, नायट्रेट, काही रक्तदाबाच्या गोळ्या आणि ट्रामाडोलसारखी वेदनाशामकं यांनी दाब बदलतात. त्यांतलं काय आणि किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

नाकपुडीत बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावतात. साधारण चार मिलिमीटर जाडीची मऊ नळी नाकातून आत जाते. तुम्ही हनुवटी छातीकडे झुकवायची आणि स्ट्रॉने पाण्याचे घोट घेत राहायचं. नळी घशाच्या मागे टेकली की उमळतं, डोळ्यांतून पाणी येतं. तो टप्पा मिनिटभराचा. नळीवर एकेक सेंटिमीटरवर ३६ सेन्सर असतात. खालचे काही जठरात पोहोचायला हवेत, म्हणून एक खोल श्वास घ्यायला लावून छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची जागा ओळखतात.

मग उताणं झोपवून सिरिंजने ५ मिलि पाणी तोंडात देतात आणि एकदाच गिळायला सांगतात. असे दहा घोट, मध्ये सुमारे ३० सेकंद थांबून. त्यानंतर २ मिलिचे पाच घोट भराभर. शेवटी बसवून आणखी पाच घोट आणि एकदम २०० मिलि पाणी. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपतं.

बिघडतं ते इथे: ‘एकदाच गिळा’ सांगूनही माणूस सवयीने दुसऱ्यांदा गिळतो. दुसरं गिळणं पहिली लाट मध्येच पुसून टाकतं आणि रिपोर्टमध्ये अन्ननलिका दुबळी दिसते. अशी नोंद तंत्रज्ञाने तिथल्या तिथे रद्द करून घोट पुन्हा द्यायला हवा. दुसरी अडचण नळी झडपेतून खाली न जाता अन्ननलिकेतच वेटोळं घालून बसण्याची, आणि ती नेमकी अकॅलेशियात जास्त येते. मग एंडोस्कोपच्या मदतीने नळी बसवतात. तिसरी, सेन्सरचे आकडे शरीराच्या उष्णतेने थोडे सरकतात. नळी काढल्यावर ती दुरुस्ती केली नाही तर झडपेचे आकडे फसवतात.

रिपोर्टमधले आयआरपी, डीसीआय हे आकडे कसे वाचायचे?

गिळल्यावर तळाची झडप किती सैल होते ते आयआरपी सांगतो. एका प्रचलित यंत्रावर झोपलेल्या स्थितीत १५ मिमी पाऱ्यापर्यंत नॉर्मल. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर हीच मर्यादा २२ आहे. म्हणून १८ हा आकडा एका रिपोर्टमध्ये दोष ठरतो आणि दुसऱ्यात नाही. यंत्राचं नाव रिपोर्टवर नसेल तर विचारून लिहून घ्या.

डीसीआय म्हणजे लाटेचा जोर. ४५० ते ८००० नॉर्मल, १०० ते ४५० दुबळा, १०० च्या खाली लाट फसलेली. वर्गीकरण शिकागो पद्धतीने होतं आणि सध्या २०२१ची चौथी आवृत्ती वापरतात. आधीच्या आवृत्तीपेक्षा ती कडक आहे: दुबळी अन्ननलिका म्हणायला ७० टक्क्यांहून जास्त घोट निकामी किंवा निम्मे तरी पूर्ण फसलेले हवेत. नुसत्या आकड्यावर निदान चिकटवू नका, लक्षणं आणि दुसरी एखादी तपासणी जुळायला हवी, यावर तिचा भर आहे. जुना रिपोर्ट ‘दुबळी’ म्हणत असेल आणि नवा ‘नॉर्मल’, तर आजार बरा झाला असंच नाही; कदाचित नियम बदलला असेल.

अकॅलेशिया होतो कशामुळे?

अन्ननलिकेच्या भिंतीत स्नायूंना ‘सैल हो’ असा निरोप देणाऱ्या मज्जापेशी असतात. त्या नायट्रिक ऑक्साइडच्या साहाय्याने काम करतात. अकॅलेशियात याच पेशी हळूहळू नष्ट होतात. तिथे दाहाच्या खुणा सापडतात, म्हणून विषाणू आणि स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला या दिशेने शोध चालू आहे. दक्षिण अमेरिकेत शागास रोगाचा परजीवी हेच नुकसान करतो. तिखट खाल्ल्याने, तिरफळाने किंवा ‘टेन्शन’ने तो होत नाही, हे घरातल्या मोठ्यांना जरूर सांगा. आजार दुर्मीळ आहे: लाखामागे वर्षाला एखादा नवा रुग्ण.

फुगा, लॅप्रोस्कोपी की पोएम? चाचण्या काय सांगतात?

मेलेल्या पेशी परत आणणारा उपचार आज नाही. तिन्ही उपाय झडपेचा अडथळा मोडतात. फुग्याने झडप ताणून तिचे तंतू फाडतात. अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ साली सुरू केलेली, आता लॅप्रोस्कोपीने होणारी शस्त्रक्रिया स्नायू कापते. जपानचे हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली पोएम पहिल्यांदा माणसावर केली, तीत एंडोस्कोपने अस्तराखाली बोगदा करून आतूनच स्नायू कापतात.

यश मोजायला एकार्ट गुणांक वापरतात. घास अडकणं, अन्न वर येणं, छातीत दुखणं, वजन घटणं, प्रत्येकी ० ते ३. बेरीज ३ किंवा कमी म्हणजे यश. २०११च्या युरोपीय चाचणीत दोन वर्षांनी फुग्याचं यश ८६ टक्के आणि शस्त्रक्रियेचं ९०, म्हणजे जवळपास सारखं. २०१९च्या एका चाचणीत मात्र पोएम ९२ आणि फुगा ५४. एकच फुगा इतका कसा घसरला? दुसऱ्या चाचणीत फुगा ३० आणि गरज पडल्यास ३५ मिमीपर्यंतच नेला होता. पहिलीत पुन्हा पुन्हा ताणायला जास्त मुभा होती. नियम वाचल्याशिवाय टक्केवारी वाचू नये, ते यासाठीच.

२०१९चीच २२१ रुग्णांची आणखी एक चाचणी पोएम आणि शस्त्रक्रिया यांच्यात झाली. यश ८३ विरुद्ध ८१.७ टक्के. पण दोन वर्षांनी आम्लाने अन्ननलिका सोलवटलेले रुग्ण पोएममध्ये ४४ टक्के, शस्त्रक्रियेत २९, कारण शस्त्रक्रियेत जठराचा भाग गुंडाळून नवी झडप करतात. पोएमनंतर जळजळ नाही म्हणून आम्लाची गोळी सोडणारे पुष्कळ असतात. ते चुकीचं आहे. अस्तर तपासून मगच ठरवावं.

प्रकारही महत्त्वाचा. मॅनोमेट्रीवरून अकॅलेशियाचे तीन प्रकार पडतात. दुसरा प्रकार कुठल्याही उपचाराला चांगला साथ देतो. तिसऱ्या प्रकारात आकुंचन वरपर्यंत पसरलेलं असतं, तिथे लांब काप घेता येतो म्हणून पोएम उजवी ठरते. ‘आमच्याकडे हेच करतात’ हे कारण पुरेसं नाही. तुमचा प्रकार कोणता, हे विचारा.

गोव्यात मधुमेह इतका आहे. सगळ्यांनाच गॅस्ट्रोपॅरेसिस होणार का?

नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक निघालं, हे खरं. पण अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत लोकांचा माग ठेवला तेव्हा दहा वर्षांत गॅस्ट्रोपॅरेसिस झालेले पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ५.२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारात १ टक्का होते. आकडे तिथले आहेत, इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण प्रत्येक गच्च पोट म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिस नव्हे एवढं त्यावरून कळतं.

ज्यांना तो होतो त्यांची साखर मात्र विचित्र वागते. जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन कामाला लागतं तेव्हा अन्न जठरातच असतं, म्हणून जेवून तासाभरात साखर खाली. मग अन्न उतरतं आणि रात्री साखर वर. वहीत असा नमुना दिसला तर इन्सुलिनची वेळ आणि प्रकार बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. जठरात तालाची घडी बसवणाऱ्या काहाल पेशी कमी झालेल्या अशा रुग्णांत आढळतात, आणि सध्याच्या संशोधनाचा मोठा भाग त्या का मरतात यावरच आहे.

जठर किती वेळात रिकामं होतं ते कसं मोजतात? आमचं शिवराक आहे, अंडं चालत नाही.

प्रमाणित जेवण असं: दोन अंड्यांइतका पांढरा बलक, पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस, ३० ग्रॅम जॅम, १२० मिलि पाणी, सुमारे २५५ कॅलरी. बलकात शिजवण्याआधी टेक्निशियमचं किरणोत्सारी औषध मिसळतात. जेवण दहा मिनिटांत संपवायचं आणि ०, १, २ आणि ४ तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली उभं राहायचं. दोन तासांनी ६० टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर उशीर.

अंडं नको असेल तर आधीच सांगा, सकाळी टेबलावर नाही. भारतात तांदळाच्या इडलीवर ही तपासणी करून तिची वेगळी नॉर्मल मर्यादा काढलेली आहे. वेगळी हा शब्द लक्षात ठेवा: इडली देऊन अंड्याचे आकडे लावले तर निष्कर्ष चुकतो. नुसतं पातळ देऊन केलेली किंवा दीड-दोन तासांत गुंडाळलेली तपासणी याची जागा घेत नाही. गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये पातळ पदार्थ पुष्कळदा वेळेवर उतरतात, अडतं ते घट्ट.

त्या सकाळी साखर २७५च्या वर असेल तर तपासणी पुढे ढकला, कारण चढलेली साखरच जठराला मंद करते. सिगारेट नाही. वेदनाशामक अफूजन्य गोळ्या, डोम्पेरिडोनसारखी औषधं आणि गांजा, सगळं आधी कळवा. लाजून लपवलं तर निकाल खोटा येईल आणि पुढचे सगळे उपचार त्यावर बेतले जातील. वजनाची किंवा मधुमेहाची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही जठर मंद करतात. मध्येच उलटी झाली तर तपासणी बाद. गरोदर असल्यास करत नाहीत.

लक्षणं जास्त म्हणजे उशीर जास्त, असं असतं ना?

तसं वाटतं खरं, पण तसं नसतं, आणि या क्षेत्राचं मोठं कोडं तेच आहे. अमेरिकेतल्या संशोधन गटाने २०२१ साली दाखवलं की ४८ आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर गॅस्ट्रोपॅरेसिसचे ४२ टक्के रुग्ण ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’त (तीच लक्षणं, पण जठर वेळेवर रिकामं) गेले आणि आधी डिस्पेप्सिया ठरलेल्यांतले ३७ टक्के उलट दिशेने आले. लक्षणं साधारण तीच होती. म्हणून एका तपासणीवर आयुष्यभराचं लेबल लावू नये, आणि कायमची शस्त्रक्रिया तर नाहीच नाही.

फार्मसीत डोम्पेरिडोनची गोळी सहज मिळते. रोज घेतली तर?

आम्लाच्या गोळीला जोडून ती इतकी खपते की लोक ती औषध मानतच नाहीत. युरोपात २०१४पासून मळमळ-उलटीसाठी १० मिग्रॅ दिवसातून तीनदा, तीही शक्यतो आठवड्यापुरती, अशी मर्यादा आहे, कारण ती हृदयाचा ताल बिघडवू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांच्याबरोबर धोका वाढतो. लांब घ्यायचीच असेल तर आधी ईसीजी. याच कारणाने जठराला चालना देणारं सिसाप्राइड २०११ साली भारतात बंद झालं.

मेटोक्लोप्रामाइड १२ आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं तर ओठ-जिभेच्या अनावर हालचाली सुरू होऊन कायमच्या राहू शकतात. लेव्होसल्पिराइडने म्हाताऱ्या माणसांत हात थरथरतात, चाल मंदावते. पार्किन्सन समजून त्याची वेगळी औषधं सुरू होतात. बायकांची पाळी चुकते, छातीतून दूध येतं. अशी काही चिन्हं दिसली तर आधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. एरिथ्रोमायसिन जठराला जोरात हलवतं, पण काही आठवड्यांत त्याचा प्रभाव ओसरतो.

गॅस्ट्रोपॅरेसिससाठी जठराचं खालचं, आतड्याकडचं तोंड कापण्याची जी-पोएम किती भरवशाची?

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, खोटी प्रक्रिया करून तुलना केलेल्या ४१ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी यश ७१ टक्के विरुद्ध २२ टक्के आलं. आशादायक आहे, पण लहान आहे, आणि घेतलेले रुग्ण औषधांना न जुमानणारे, तीव्र आजाराचे होते. सौम्य त्रासासाठी तिचा विचार करू नये. जठराच्या याच तोंडात बोटॉक्स टोचण्याचा प्रयोग नियंत्रित चाचण्यांत प्लासिबोपेक्षा, म्हणजे खोट्या औषधापेक्षा, सरस ठरला नाही.

पेज, हुमण, सोलकढी: काय खावं?

जठर मंद असेल तर कण बारीक आणि चरबी कमी. स्वीडनमधल्या चाचणीत बारीक कणांच्या आहाराने मधुमेही रुग्णांची लक्षणं कमी झाली. मऊ शिजवून घोटलेली पेज उत्तम, मात्र ती लवकर उतरते आणि साखर चढवते, म्हणून सोबत उकडलेलं अंडं कुस्करून किंवा लेपोसारखा मऊ मासा काटे काढून. हुमणात (माशाच्या आमटीत) वाटलेल्या नारळाचा चोथा आणि चरबी दोन्ही असतात. नारळाचं पातळ दूध गाळून वापरा. खतखत्यातल्या शेंगा आणि मक्याची कणसं, सालीसकट कडधान्यं, कच्चा फणस टाळा. त्यांचे धागे जठरात साठून गोळा होऊ शकतो. दिवसाला तीनऐवजी पाच-सहा लहान जेवणं.

अकॅलेशियात उपचार होईपर्यंत उंडो आणि पोय हे गोव्याचे पाव रश्शात पूर्ण भिजवूनच, काट्याचा मासा नको, रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, आणि पलंगाचा उशाकडचा भाग उंच. उश्या रचून मान मोडू नका. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ठोकळे घाला. सोलकढीत आंबटही आहे आणि नारळही, तेव्हा जळजळीवाल्यांनी ती ‘पाचक’ म्हणून पेलाभर पिऊ नये.

संशोधनात सहभागी व्हायचं असेल तर काय बघायचं?

नाव नोंदवण्याआधी सीटीआरआय क्रमांक मागा. ही देशाची चाचणी-नोंदवही २००७पासून आहे, ती ऑनलाइन मोफत पाहता येते, आणि तिथे कोणाला घेणार, कोणाला नाही, किती महिने, तुलना कशाशी, हे सगळं लिहिलेलं असतं. एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि संमतिपत्र मराठी किंवा कोकणीत, तुम्हाला कळेल असं. त्याची एक प्रत तुमची. घरी नेऊन वाचायला वेळ मिळत नसेल तर तिथेच थांबा.

मग विचारायचे प्रश्न: सध्याच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवाव्या लागतील, आणि त्या काळात उलट्या वाढल्या तर फोन कोणाला करायचा? प्लासिबो मिळाला तर चाचणी संपल्यावर खरं औषध मिळेल का? काणकोण किंवा सत्तरीहून दर आठवड्याला बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला), किंवा राज्याबाहेर जावं लागलं तर प्रवासखर्च आणि बुडालेली रोजंदारी कोण देणार? २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत. ते कलम संमतिपत्रात बोट ठेवून दाखवायला सांगा. मध्येच सोडलं तरी नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. संशोधनाच्या तपासणीचं बिल गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर लावत असतील तर कारण विचारा. ती योजना तुमच्या उपचारासाठी आहे.

दैनंदिनी लिहायला सांगतील. रोज रात्री, त्याच वेळी लिहा. आठवड्याभराचं रविवारी बसून भरलेलं पान कामाचं नसतं, आणि ते भरलेलं कळतंही.

कोणते कागद बरोबर न्यावेत?

एंडोस्कोपीचा रिपोर्ट आणि बायोप्सीचा वेगळा कागद. मॅनोमेट्रीचा नुसता निष्कर्ष नव्हे, प्रत्येक घोटाचे रंगीत आलेख, शक्य तर मूळ फाइल पेनड्राइव्हवर. बेरियम पिऊन काढलेले एक्स-रे फोटो वेळेसकट. १, २ आणि ५ मिनिटांना बेरियमचा स्तंभ किती सेंटिमीटर उंच उरला हेच त्यात बघायचं असतं. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), थायरॉइड, आणि दर महिन्याचं वजन, एकाच काट्यावरचं.

वाट न पाहता रुग्णालय कधी गाठायचं?

लाळसुद्धा गिळता येत नसेल, घास अडकून दोन तासांत सुटला नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं दिसलं, किंवा मधुमेह असताना दिवसभर काहीच पोटात ठरत नसेल, तर लगेच. फुगा किंवा पोएमनंतर छातीत किंवा मानेत तीव्र दुखणं, ताप, किंवा मानेची कातडी दाबल्यावर चुरचुर जाणवणं ही अन्ननलिकेला छिद्र पडल्याची चिन्हं असू शकतात. तेव्हा काही खाऊ-पिऊ नका, १०८ला फोन करा आणि कोणती प्रक्रिया कधी झाली हे आल्या आल्या सांगा.